निपुत्रिक हरीचं बेट

माणूस भेटला की आपण 'काय, कसं काय?' म्हणतो. ते म्हणायचे, "पणजोबांचं नाव काय?"

मला हा प्रश्न त्यांनी विचारला तो कासलबारच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये, माझ्या नोकरीच्या दुसऱ्या दिवशी. मी मिरजेहून शिकून आले होते, भूल विभागात ज्युनिअर म्हणून लागले होते, आणि ते त्याच विभागातले सगळ्यात जुने कन्सल्टंट. आयर्लंडच्या त्या पावसाळी कोपऱ्यात मराठी कानावर पडलं म्हणून मला अगदी भरून आलं होतं. आणि हातात सूपचा वाडगा धरून मी पणजोबांचं नाव आठवत उभी. आठवेना. "आजोबांपर्यंतच? म्हणजे घराणं तसं नवीनच," असं म्हणून ते ट्रे घेऊन निघून गेले. त्या रात्री मी आईला फोन करून पणजोबांचं नाव विचारून घेतलं. भीतीच तशी बसली होती.

हॉस्पिटलात ते सर, घरी काका. निवृत्त झाल्यावर नुसतेच काका उरले.

भूल देताना पेशंटला आकडे उलटे मोजायला सांगायची पद्धत आहे. काका पूर्वज मोजायला सांगायचे. सुई टोचली की म्हणायचे, वडिलांपासून सुरू करा आणि मागे मागे जा. डब्लिनहून आलेली माणसं आजोबांपाशी झोपायची. आमच्या मेयो परगण्यातले म्हातारे शेतकरी मात्र पाचव्या पिढीपर्यंत टक्क जागे. एकदा एकाने सहावा पूर्वज सांगितला आणि तोही जमिनीच्या तंट्यासकट, तेव्हा काकांनी सर्जनला हात दाखवून थांबवलं होतं, असं नर्सेस सांगतात. त्या पेशंटला ते पुढे दर नाताळात कार्ड पाठवत. गावात त्यांना कोणी डॉक्टर म्हणत नसे. 'युअर मॅन विथ द फाइल', म्हणजे 'तो फाइलवाला', म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

ती फाइल म्हणजे त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत. छापील जाडजूड ग्रंथ वेगळा, तो काचेच्या कपाटात. फाइलमध्ये त्याची पुरवणी. ती काका गेली वीस वर्षं लिहीत होते. कुलवृत्तांतात प्रत्येक पुरुषाला क्रमांक असतो. काका नातेवाइकांचा उल्लेख क्रमांकानेच करायचे. "आमच्या सात-बत्तीसची बायपास झाली, बरं का." मग आपण आपला चेहरा काळजीचा करायचा. किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कपाटात, पूर्वी काकूंचे मसाल्याचे डबे होते. फाइली वाढल्या तसे डबे आधी खालच्या खणात गेले, मग गॅरेजमध्ये. काकू हळद आणायला छत्री घेऊन जायच्या.

काकूंनी त्यावर कधी भांडण केलं नाही. मला एकदाच म्हणाल्या होत्या, "आमचे हे मेलेल्यांशी फार प्रेमाने वागतात." तेव्हा मी हसले होते. आठ वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि खरोखरच त्यानंतर काका त्यांच्याबद्दल बरं बोलायला लागले.

पुरवणीसाठी काकांनी एक फॉर्म तयार केला होता. चार पानी, मराठी आणि इंग्रजीत. जन्मतारीख, जन्मस्थळ, शिक्षण, हुद्दा, विवाह, अपत्ये, आणि शेवटी 'विशेष कर्तबगारी असल्यास'. शेजारी छापलेले नियम होते. पहिला नियम: पुराव्याशिवाय नोंद नाही. तोंडी माहिती ग्राह्य नाही. अकरावा नियम: कन्येपुढे 'विवाहित' एवढंच लिहावं, पुढचा वंश दुसऱ्या घरचा.

काकांना एकच अपत्य, आणि ती कन्या. वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तिने तिथल्याच एका इलेक्ट्रिशियनशी लग्न केलं. काका लोकांना जावई इंजिनिअर आहे म्हणून सांगायचे, आणि तो बिचारा समोर बसून मान डोलवायचा. काकू गेल्यानंतरच्या वर्षी त्यांना मुलगी झाली, ईफा. लेकीने बापाकडे आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. वॉटरफोर्डचं घर, गाडी, सगळं त्या दोघांनी आपल्या हिमतीवर केलेलं. तिने एवढंच म्हटलं की बाबा, तुमच्या पुस्तकात माझ्या मुलीचं नाव घाला. काकांनी तिला अकरावा नियम वाचून दाखवला. ती म्हणाली, "ग्रँड."

आयर्लंडात ग्रँड म्हणजे छान, ग्रँड म्हणजे ठीक, आणि ग्रँड म्हणजे आता या विषयावर तुमच्याशी बोलणार नाही. काकांनी पहिला अर्थ घेतला. लेक दर महिन्याला यायची, ती तीन-तीन महिन्यांनी यायला लागली. "कामात असते," काका सांगायचे.

या सगळ्यात त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. मेयोमध्ये उन्हाळा आला की अमेरिकेतून माणसं येतात. हातात फोल्डर, पायात नवे कोरे बूट, आणि तोंडात आजीच्या आजीचं नाव. गावातले लोक त्यांना पडक्या घराच्या चार भिंती दाखवतात, ते भिंतीला हात लावून रडतात, मग पबमध्ये सगळ्यांना पाजतात. काका हे तीस वर्षं बघत होते. एका उन्हाळ्यात असेच पाचजण शेजारच्या बाईंकडे उतरले. काका कुंपणाशी उभे राहून बघत होते. मला म्हणाले, "या मॉरीनला धड आजोबांचं नाव माहीत नाही, आणि हिला शोधत शिकागोहून माणसं येतात. माझ्याकडे नऊ पिढ्या आहेत. मला शोधत कोण आलं?" मला हसू आवरेना, पण त्यांचे डोळे खरंच भरले होते.

त्याच मॉरीनने नाताळला त्यांना डीएनए तपासणीची डबी भेट दिली. नळीत थुंकायचं आणि पाठवायचं. काकांनी आधी अंघोळ केली, मग थुंकले. सहा आठवड्यांनी निकाल आला. त्यात पुण्याचे दोन चुलतभाऊ होते, ते मोजण्यासारखे नव्हतेच. आणि एक बाई होत्या, पॉलिनेशियातल्या एका बेटावरच्या. न्यूझीलंडच्या भाचीने त्यांची तपासणी करून घेतली होती. बेट इतकं लहान की काकांच्या भिंतीवरच्या नकाशात ते नव्हतंच. काकांनी मोजून मापून पेन्सिलने ठिपका काढला. विमान जात नाही. बोट तीन महिन्यांनी एकदा, तीही मनात आलं तर.

काकांनी काचेचं कपाट उघडलं. जुन्या कुलवृत्तांतात, पणजोबांच्या धाकट्या भावाची नोंद दीड ओळीची होती. 'हरी. निपुत्रिक. लहानपणी घर सोडून मुंबईस जहाजावर गेला. ठावठिकाणा नाही. बारा वर्षांनी उत्तरक्रिया केली.' काकांनी ती दीड ओळ मला फोनवर चार वेळा वाचून दाखवली. मी ड्युटीवर होते.

पुढचे सहा महिने कासलबारमध्ये दुसरा विषय नव्हता. हरी दर्यावर्दी ठरला. हरीने तारे बघून महासागर ओलांडला. 'विशेष कर्तबगारी' या रकान्यात काकांनी दीड पान लिहिलं. मॉरीनसुद्धा पोस्टमनला सांगायची की युअर मॅनचा पूर्वज म्हणे राजा होता. मग बेटावरून पत्र आलं. त्या बाई, वय अठ्ठ्याहत्तर, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी प्रांजळपणे कळवलं होतं की 'हारी' खोबऱ्याच्या व्यापाऱ्याच्या गलबतावर वजनं लिहून घ्यायला होता. त्याला बोट फार लागायची. बेटावर उतरला तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं, आणि गलबत निघालं तेव्हा तो नारळाच्या झाडाला मिठी मारून बसला तो परत चढलाच नाही. कोकणातला माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी नारळाखालीच जाऊन बसला, असं मी म्हटलं. काकांनी दोन दिवस माझा फोन घेतला नाही.

त्यांना त्याहून मोठी चिंता पडली होती. हरी बेटावर चांगला म्हातारा होऊन गेला. म्हणजे इकडे घरातले लोक पस्तीस वर्षं जिवंत माणसाचं श्राद्ध घालत होते. ते पिंड कुठे गेले? काकांनी पुण्याच्या एका गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, ज्याला मिळायचे त्याला मिळाले असतील. काकांनी उत्तर फाइलला लावलं.

शेवटी एका रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल ठरला. आमच्याकडे रविवारचे सात, त्यांच्याकडे अजून शनिवार संध्याकाळ. लॅपटॉप लावायला मला बोलावलं होतं. योगायोगाने आदल्या दिवशी लेक आणि ईफा आल्या होत्या. काकांनी कोट घातला होता, टाय लावला होता, खाली पायजमा. पडद्यावर शाळेची खोली दिसत होती. फुलाफुलांच्या झग्यातल्या आजी मध्ये बसलेल्या, मागे बाकांवर तीस-चाळीस माणसं, सगळी न्हाऊन-माखून आलेली. काकांना शोधायला शेवटी माणसं जमली होती.

आजींच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली वही होती. त्यांनी समजावून सांगितलं की बेटावरची जमीन या वहीवरून वाटली जाते, म्हणून ती अशीतशी उघडत नाहीत. आधी आपण आपली वंशाची ओळ वाचायची, मग पाहुण्याने त्याची. ओळ घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या नावाशी येऊन थांबली पाहिजे. मधेच सोडली तर वाचन पुरं होत नाही. त्यांनी हारीपासून वाचायला सुरुवात केली. हारीला एकच मुलगी. तिला चार मुली, दोन मुलगे. त्यातल्या थोरलीची मुलगी म्हणजे या आजी. मग खाली खाली येत शेवटचं नाव एका तान्ह्याचं, ते आईने हात वर करून दाखवलं. काका फॉर्मवर टिपून घेत होते, पण मुलींची नावं यायला लागली तशी त्यांची लेखणी अडखळत होती.

मग काकांची पाळी आली. त्यांनी मूळ पुरुषापासून खणखणीत आवाजात नऊ नावं म्हटली. नववं त्यांचं स्वतःचं. आणि थांबले.

आजी वाट बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्यानंतर? काका इंग्रजीत म्हणाले की माझ्यानंतर कोणी नाही, ही शाखा माझ्यापाशी संपते.

नेमकी तेव्हाच ईफा टोस्ट खात मागून आली आणि पडद्याकडे वाकून बघायला लागली. तिकडच्या बाकांवर हसू पसरलं. आजींनी विचारलं ही कोण. काकांनी सांगितलं, मुलीची मुलगी.

आजी वर्गात एखाद्या मुलाला समजवावं तसं सावकाश म्हणाल्या, "हारीला एकच मुलगी होती. आम्ही सगळे तिचे आहोत. तुमच्याकडे मुली मोजत नसतील, तर आम्ही तुमचे कोणी नाही." त्यांनी वही कापडात गुंडाळली. वर काकांना तब्येत सांभाळायला सांगितलं, आणि पडदा काळा झाला.

किचनच्या दारात लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"नेटवर्क गेलं," काका म्हणाले.

"नेटवर्क नाही गेलं, बाबा," ती म्हणाली. नाश्ता करून ती ईफाला घेऊन वॉटरफोर्डला निघून गेली.

काका तीन आठवडे घराबाहेर पडले नाहीत. मला वाटलं, लागलं असेल मनाला. लागलं होतं, पण निराळ्या ठिकाणी. ते धर्मशास्त्राचे ग्रंथ मागवून वाचत होते. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला विजयी मुद्रेने सांगितलं की शास्त्रात तरतूद आहे. मुलगा नसेल तर मुलीलाच मुलगा मानायचं, मग तिची मुलं आजोबाच्या वंशात येतात. म्हणजे नियम मोडत नव्हता, अपवाद सापडला होता. हरीची मुलगी आली, तिच्या मागून अख्खं बेट आलं. मी विचारलं, आणि ईफा? "तीही आपोआप येतेच की," ते म्हणाले, जणू मी सामानाबद्दल विचारलं होतं. मला त्यांचा राग आला. स्वतःच्या नातीला या माणसाने पृथ्वीला वळसा घालून घरात आणलं होतं, तेही बेट हातचं जाऊ नये म्हणून. ही तरतूद त्यांनी आजींना ईमेलने कळवलीही होती, आणि आजींचं उत्तर आलं होतं की छोटीचं नाव वाचाल तेव्हा वही उघडू.

आता नोंद करायची तर पूर्ण नाव हवं, जन्मतारीख हवी. काकांना हरीच्या पणतवंडांच्या तारखा पाठ होत्या. ईफाची माहीत नव्हती. त्यांनी लेकीला फोन केला.

ती म्हणाली, "सात वर्षांची झाली ती, बाबा. बेटावरची माणसं शोधलीत ना? हीसुद्धा शोधा." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या कोणाला हे वर्मी लागलं असतं. काकांना ते काम वाटलं. "शोधायला सांगितलंय," ते मला उत्साहाने म्हणाले. मला तारीख माहीत होती, दर वाढदिवसाला मी वॉटरफोर्डला जाते. पण माझी माहिती तोंडी. त्यांनी जन्म-नोंदणी कचेरीला रीतसर अर्ज केला. आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्माचं अंदाजे वर्ष. अर्जदाराचा हेतू या ओळीवर लिहिलं, 'वंशसंशोधन'.

दाखला आला त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. किचनच्या टेबलावर कागद मधोमध ठेवला होता, शेजारी भिंग, शेजारी छापील कुलवृत्तांत उघडा. मला वाटलं, पेढा मिळणार. पण काका गोंधळलेले दिसले.

"तारीख मिळाली," ते म्हणाले. "पण हे बघ. ईफा वत्सला. ही वत्सला कोण? जावयाकडे हे नाव असायचं कारण नाही. आपल्यात तर नऊ पिढ्यांत वत्सला नाही. मी दोनदा इंडेक्स बघितला."

मी खुर्चीवर बसले. ईफाचं बारसं मला आठवत होतं. काकाही होते तिथे, बाहेरच्या खोलीत, जावयाच्या वडिलांना त्यांच्या आडनावाचा उगम समजावून देत. आत आम्ही बायका पाळण्याभोवती. बाळाला आत्या नव्हती म्हणून मला पुढे केलं, आणि लेकीने माझ्या कानात जे सांगितलं ते मी बाळाच्या कानात सांगितलं. पहिलं नाव सगळ्यांनी ऐकलं. दुसरं सांगताना लेक रडत होती.

"काका," मी म्हटलं, "वत्सला म्हणजे काकू."

"सुनंदा," ते लगेच म्हणाले. "तिचं नाव सुनंदा."

"ते तुम्ही ठेवलेलं. लग्नात. त्याआधी एकवीस वर्षं त्या वत्सला होत्या."

ते म्हणाले, तिच्या माहेरी तर तिला सगळे बेबी म्हणायचे. मग म्हणाले, पत्रिकेत असेल छापलेलं. मग त्यांनी कुलवृत्तांत पुढे ओढला, स्वतःची नोंद काढली, तिच्यात बायकोची ओळ बोटाने शोधली. सौ. सुनंदा, अमक्याची कन्या. बोट बराच वेळ तिथेच राहिलं. इतकी वर्षं या माणसाची टिंगल करत आले, पण त्या क्षणी मला ते बोट बघवेना. मी उठून चहा ठेवायला गेले.

पाणी उकळत आलं तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"नाव बदलताना मी तिला विचारलं होतं का गं?"

मी वळून बघितलं. ते खरंच उत्तराची वाट बघत होते. त्यांचं लग्न झालं तेव्हा माझ्या आईचंसुद्धा झालं नव्हतं, आणि ते मला विचारत होते.